सकाळची प्रत

६ जानेवारी

जुनी वही भरली, ही नवी. जुन्या वहीच्या पहिल्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलंय, 'दोन वर्षांत गेम बाजारात.' आता सातवं वर्ष लागलं. ज्याला हसायचंय त्याने खुशाल हसावं, माझ्यासमोर मात्र नको.

भावजयीने आज ऑफिसात भिंतीवर फळा टांगला. वर '२० मार्च' आणि खाली उरलेले दिवस, त्र्याहत्तर. रोज आल्याआल्या पुसणार आणि एक कमी करून लिहिणार म्हणे, शाळेतल्या बाईसारखी. ही बाई आधी बिस्किटांच्या कारखान्यात माल नेणाऱ्या गाड्यांचं वेळापत्रक लावायची. सहा वर्षांपूर्वी माझ्या भावाच्या घरात आली आणि दोन वर्षांपूर्वी माझ्या ऑफिसात. कानामागून आली आणि तिखट झाली. आज सगळ्यांदेखत मला म्हणाली, "ताई, आता नवीन काही नको हं. आहे तेवढं नीट करू आणि सोडू."

अगं बये, गेम म्हणजे बिस्किटाचा पुडा आहे का, चिकटवला आणि गाडीत टाकला?

धाकटा तिच्या शेजारी उभा राहून मान हलवत होता. गेमचा प्रोग्राम तो लिहितो, गेम कसा असावा ते मी ठरवते, कंपनी दोघांची. लहानपणी माझी पिशवी धरून मागेमागे फिरायचा. आता हिची धरतो.

११ जानेवारी

गेमच्या पानावरचे लोकांचे शेरे वाचले. वाचायला नको होते. एकाने लिहिलंय, "टपालवाली पायऱ्या चढतेय, की अजून जन्मायचीय?" दुसरा म्हणतो, "गेम येईपर्यंत माझे गुडघे गेले, आता पायऱ्या कोण चढणार?"

मेल्यांनो, गेम झाडाला लागतो का? डोंगरावर सगळं गाव पायऱ्यांचं. एक टपालवाली, दोनशे बारा पत्रं. ऐकायला सोपं आहे. ती दार वाजवते, म्हातारा दार उघडतो, बोलायला लागतो. आता खेळणारा मध्येच उडी मारून निघून गेला तर म्हातारा गप्प बसणार, हाक मारणार की भिंतीशी बोलत राहणार? सिनेमात आपण दाखवू तेच लोक बघतात. इथे खेळणारा वाटेल तिथे जातो, कुंपणावर चढतो, विहिरीत डोकावतो, कोंबडीवर पत्र टाकून बघतो. त्याला जे सुचेल ते मला आधी सुचावं लागतं. दोनशे बारा दारांना असं लावून बघा आणि मग तोंड उघडा.

९ फेब्रुवारी

आज मी पाहिलं. सात वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं.

शंकासुर रोज सकाळी नऊला आदल्या दिवशीच्या सगळ्यांच्या कामाची ताजी प्रत माझ्या मशीनवर आणून ठेवतो. शंकासुर म्हणजे आमचा चुका शोधणारा. त्रेपन्न वर्षांचा, पूर्वी छापखान्यात मुद्रितं तपासायचा. प्रत कुठून कशी येते त्या भानगडीत मी पडत नाही. मी पहिल्यापासून खेळायला बसते आणि चुका सांगत जाते, तो लिहून घेतो. दुपारपर्यंत पंचवीस-तीस होतात.

आज नवव्या मिनिटाला टपालवाली पहिला मोठा जिना चढत होती आणि मी तिच्या पायांकडे बघितलं. पाऊल पायरीत चार बोटं बुडत होतं. दगडात! चिखलात बुडावं तसं! मी ओरडले. सगळे धावत आले.

दाढी म्हणाला, "बुडतंय खरं, पण कॅमेरा मागे असतो, दिसत नाही कुणाला." दाढी आमचा चित्रकार. मी म्हटलं, मला दिसलं ना. मी कुणी नाही का?

१० फेब्रुवारी

पायऱ्यांची उंची कमी करायची, असं सांगितलं. एवढंसं काम. पण इथल्या लोकांना काम सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

धाकटा कागद घेऊन आला. "ताई, पायरी उतरली की जिना उतरतो. जिना उतरला की वरचं घर हवेत राहतं. घर खाली घेतलं की त्याच्या पाठची भिंत बुटकी होते, मग टपालवाली भिंतीवरून उडी मारून थेट देवडीत पोचते आणि तिसरं प्रकरण खेळायचंच राहून जातं. अडतीस दिवस राहिलेत."

मी म्हटलं, "मग भिंत उंच कर."

"मग सावली..."

"सावली पण कर!"

मग म्हणाला फांदी काढू. फांदी म्हणजे सगळ्या कामाची वेगळी प्रत. मुख्य प्रत आहे तशी ठेवायची, प्रयोग फांदीवर करायचा, जमला तर मुख्य प्रतीत आणायचा, नाहीतर द्यायचा फेकून. मी साफ नाही म्हटलं. पाचव्या वर्षी माझी नदी अशीच फांदीवर टाकली आणि तिथेच वाळली. फांदी म्हणजे पळवाट. माझ्या ऑफिसात जे होईल ते मुख्य प्रतीतच होईल.

घरी जेवताना नवऱ्याला सांगितलं. तो दातांचा डॉक्टर. म्हणाला, "एक दात किडला म्हणून तुम्ही जबडा बदलता का गं?" त्याच्याशी बोलण्यात अर्थ नाही. त्याचा पेशंट तोंड उघडं ठेवून गप्प बसलेला असतो, म्हणून याला वाटतं आपण बोलतो ते सगळं शहाणपणाचं.

२६ फेब्रुवारी

पायऱ्या झाल्या. पाऊल आता कसं टेकतं! नुसतं बघत राहावं.

बाकी सगळं बोंबललंय. सेहेचाळीस घरं हवेत लोंबकळतायत. पत्रपेट्या टपालवालीच्या गुडघ्याशी आल्या, वाकायला तिला येतच नाही, कारण वाकणं कधी बनवलंच नव्हतं. सगळ्यात वाईट म्हणजे जिना चढताना ती मनाशी बोलते ते. चढण लांब होती तेव्हा बोलणं बरोबर वरच्या पायरीवर संपायचं. आता ती वर पोचून उभी राहते आणि तोंड न हलवता अर्धा मिनिट बोलत राहते. भुताटकी नुसती. बोलणं छोटं करून पुन्हा बोलून घ्यायचं, तर जिचा आवाज आहे त्या बाईची दुसरीकडे नाटकं चालू आहेत, ती एप्रिलशिवाय मोकळी नाही.

हे सगळं आधी कुणी सांगायला नको का? नाचता येईना, अंगण वाकडं. सात वर्षं प्रोग्राम लिहिला आणि एक पायरी पेलत नाही यांना.

शंकासुराच्या यादीत आज एक हजार चारशे चुका. पंधरा दिवसांपूर्वी एकशे दहा होत्या. मी म्हटलं, "वाढवून लिहिता काय?" चष्मा पुसत म्हणाला, "मॅडम, मी कमीच लिहिल्यात."

३ मार्च

आज मीच लोकांना जाहीर केलं, वीस मार्च नाही, पुढच्या वर्षी. कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर चर्चा झाली असती, आणि चर्चेत माझा जीव जातो.

मग जो तमाशा झाला तो लिहायचा कंटाळा आलाय, पण लिहिते. भावजय फळ्यापाशी गेली, आकडा पुसला आणि ओला कपडा हातात धरून रडायला लागली. रडत रडत बोलली ते मात्र एकेक खणखणीत. "पाचव्यांदा, ताई. तिसऱ्या वर्षी झाडं बदलली. चौथ्या वर्षी चेहरे. पाचव्या वर्षी नदी. गेल्या वर्षी सगळा गेम तो चालवणाऱ्या नव्या इंजिनावर चढवला. इथली तीन माणसं म्हातारी व्हायला आली या गेममध्ये. यांना तुम्ही कधी घरी जा म्हणणार आहात का?"

मी म्हटलं, "दार उघडंच आहे."

दाढी उठला आणि पिशवी भरायला लागला. धाकट्याने त्याला हाताला धरून खाली नेलं. जिन्यावर दोघं बराच वेळ बोलत होते. मी खिडकीपाशी उभी होते, शब्द ऐकू आले नाहीत.

मी चुकीचं काय केलं? जिच्यात पाय बुडतो ती पायरी मी माझ्या नावाने लोकांना विकू?

१० मार्च

दाढी परत आला. भावजयीने फळा उतरवलाय. मला म्हणाली, "ठीक आहे ताई, तुम्ही म्हणाल तसं." अगदी शांतपणे. खमकेपणाने वागलं की लोक सरळ येतात, हे मी पहिल्या वर्षापासून सांगतेय.

लोकांचे शेरे यापुढे तीच बघणार, मला त्रास नको म्हणून. बघ म्हटलं, हौस असेल तर. मला कोपऱ्यातली स्वतंत्र खोलीही दिली, खिडकीची. आणि शंकासुर आता फक्त माझ्यासाठी. मी चूक सांगायची, त्याने उतरवायची, दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या प्रतीत ती दुरुस्त. असं राज्य आधी मिळालं असतं तर गेम केव्हाच झाला असता.

२ एप्रिल

चमत्कार म्हणायला हवा. परवा सांगितलं टपालवालीने वाकायला हवं, आज वाकते. एकाने हुं की चूं केलं नाही. बैठका बंद, भांडणं बंद. खोलीबाहेर आले की सगळे गप्प होतात, हेही चांगलंच आहे, पूर्वी गप्पाच फार चालायच्या.

आवाजाची बाई आज येऊन गेली. मी तिला बोलावलं नव्हतं. भावजय म्हणाली दोन वाक्यं राहिली होती. दोनच? मी तर सगळंच बदलायला सांगितलंय. विचारलं तर म्हणाली, "बाकीचं नंतर." असेल.

१९ एप्रिल

धाकटा काळवंडलाय. डोळ्याला डोळा देत नाही. ज्या खेळयंत्रावर गेम चालणार त्याच्या कंपनीने म्हणे काहीतरी नापास करून परत पाठवलं. खेळताना हातात असते त्या कळपट्टीची तार निसटली तर गेम थांबायला हवा, आपला थांबत नाही, टपालवाली धडपडत जिन्यावरून खाली जाते. मी म्हटलं, त्यांच्याकडे पाठवलाच कशाला? अजून वर्ष आहे. म्हणाला, "नुसतं बघायला पाठवला गं, ताई. आधीच केलेलं बरं." याला म्हणतात आततायीपणा. पोहायला येत नाही आणि कपडे काढून तयार.

जाताना दारात थांबला. "ताई, समजा, नुसतं समजा हं, गेम नऊ फेब्रुवारीला होता तसाच लोकांना दिला असता तर काय झालं असतं?"

मी म्हटलं, "लोक हसले असते."

"आणि हसले नसते तर?"

डोकं फिरलं माझं. अद्वातद्वा बोलले त्याला, बायकोच्या ओंजळीने पाणी पितोस इथपर्यंत. ऐकून घेतलं. तो नेहमी ऐकून घेतो, म्हणून तर जास्त राग येतो त्याचा.

२१ मे

खोलीबाहेर केक. सगळे टाळ्या वाजवतायत, दाढी शंकासुराला मिठी मारतोय. मला बघून एकदम थांबले. मी विचारलं, "वाढदिवस कुणाचा?"  मग भावजय म्हणाली, "दाढीचा." मी त्याला शुभेच्छा दिल्या. त्याने थँक्यू म्हटलं आणि खाली बघितलं. एवढा मोठा बाप्या आणि लाजतो काय.

केकचा तुकडा कुणीतरी माझ्या टेबलावर आणून ठेवला होता. खाल्ला नाही. कामाच्या वेळेत असले सोहळे मला आवडत नाहीत.

१७ जून

आजची यादी सत्तावीस. कौलांचा रंग तिसऱ्यांदा बदलायला सांगितला. शंकासुराने उतरवून घेतलं आणि म्हणाला, "उद्या तुमच्या प्रतीत होईल, मॅडम."

मी म्हटलं, "माझ्या कसली? सगळ्यांच्या."

"हो, हो. सगळ्यांच्या."

या माणसाचं हल्ली लक्ष नसतं. वय झालं. चष्मा काढून डोळे पुसत बसला होता. मी म्हटलं, एकदा डोळे दाखवून घ्या.

गेम सुरेख दिसतोय. पहिला तास तर असा झालाय की बोट ठेवायला जागा नाही. पुढच्या वर्षीही जरा घाई होईल असं वाटायला लागलंय. त्याच्या पुढच्या वर्षी सोडावा का?

२४ जुलै

संध्याकाळी धाकटा घरी आला. न सांगता. बुटाची नाडी सोडायला वाकला तो वाकूनच राहिला. नवरा आतून म्हणाला, "ये रे, बस." हा बसेना.

"ताई, गेम गेला."

"कुठे गेला?"

"लोकांकडे. आज चार वाजता."

मला वाटलं कुणी चोरला. पोलिसांत जाऊ म्हटलं. मग त्याच्या तोंडाकडे बघितलं.

त्याने सगळं सांगितलं, उभ्या उभ्या. दहा मार्चला त्यांनी नऊ फेब्रुवारीची मुख्य प्रत परत बाहेर काढली आणि माझ्या पायऱ्यांची केली फांदी. तेव्हापासून रोज सकाळी माझ्या मशीनवर फांदी येत होती. मी बघत होते ती फांदी. कौलं, वाकणं, पत्रपेट्या, सगळं फांदीवर. बाहेरच्या खोलीत ते दुसऱ्याच प्रतीवर काम करत होते, साडेचार महिने. बुडणाऱ्या पायांसकट. खेळयंत्रवाल्यांनी एकदा नापास केला, मे महिन्यात पास केला. सही दोघांपैकी एकाची चालते. त्याने केली.

"मला तारीख सुद्धा सांगितली नाहीस?"

"सांगितली असती तर तू पुढे ढकलली असतीस."

मी त्याच्यावर हात उगारला. चाळीस वर्षांच्या माणसावर. तो मागे सरला नाही. तेवढ्यात भावजय जिना चढून वर आली, खाली गाडीत बसली होती. म्हणाली, "फांदीची कल्पना माझी होती. जे बोलायचं ते मला बोला." बोलले. आईवडिलांपर्यंत गेले. जे बोलले ते या वहीतही लिहिणार नाही. तिने एकच सांगितलं, "रोज सगळे घरी गेल्यावर हा तास-दीड तास बसून तुमच्या पायऱ्या करायचा. मी म्हटलं कशाला, कुणी बघणारच नाहीये. तर म्हणाला, ताई बघते ना."

मी दोघांना बाहेर काढलं आणि दार लावलं. नवऱ्याने काही विचारलं नाही. बरं केलं.

२५ जुलै

शंकासुराला फोन केला. त्याचाच राग सगळ्यात जास्त आलाय. भाऊ तो भाऊ, ती तर परकीच, पण हा रोज सकाळी नऊला माझ्यासमोर उभा राहून नमस्कार मॅडम म्हणायचा.

"लाज नाही वाटली? खोट्या चुका लिहून घेत होता?"

"चुका खऱ्या होत्या, मॅडम. एकूण एक. मी कुठली सोडली नाही." मग म्हणाला, "छापखान्यात एक लेखक यायचे. मुद्रितात रोज नवीन सुचायचं त्यांना. चौदा वर्षं. पुस्तक त्यांच्या मुलीने छापलं, ते गेल्यावर. मला तुमचं तसं बघायचं नव्हतं."

उंटावरचा शहाणा. फोन ठेवून दिला.

२६ जुलै

आज सकाळी गेम विकत घेतला. माझाच गेम, दुकानातून. चुका काढायला घेतला, हे प्रामाणिकपणे लिहिते. एकेकाचं नाव घालून यादी करणार होते आणि सगळ्यांच्या टेबलावर ठेवणार होते. शेजारी कोरा कागद, दोन पेनं.

पहिल्या तासात एकतीस लिहिल्या. पाय बुडतो. कौलं चुकीच्या रंगाची. दुसऱ्या तासात चौदा. मग म्हातारा दार उघडून बोलायला लागला, आणि मी मुद्दाम त्याला सोडून खाली उतरले, तर त्याने मागून हाक मारली, "अगं, पत्र तरी वाचून दाखव, मला दिसत नाही." हे मी लिहिलं नव्हतं. बहुधा धाकट्याने. मी परत वर चढले. पाय बुडत असणार, बघितलं नाही.

जेवायला उठले नाही. नवऱ्याने ताट आणून ठेवलं आणि थोडा वेळ मागे उभा राहून बघत होता. तिसऱ्या प्रकरणाच्या पुढे गल्ल्या ओळखीच्या वाटेनात. कागदावर सगळं मीच ठरवलेलं, सहा वर्षांपूर्वी, पण तिथे मी कधी गेले नव्हते. दोनदा रस्ता चुकले. माझ्याच गावात मला एका बाईला विचारावं लागलं, देवडी कुठे.

संध्याकाळी सहाला पिशवी रिकामी झाली. दोनशे बारा. टपालवाली सगळ्यात वरच्या पायरीवर बसली, चप्पल काढली आणि खाली दिवे लागत गेले, जिथे जिथे पत्र पोचलं त्या त्या खिडकीत. मग नावं सुरू झाली. पहिलं माझं. एकटीचं, मोठं. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून संताप आला. वाईट असता तर एकेकाला फाडून खाल्लं असतं. चांगला आहे, मेला.

तसाच धाकट्याला फोन लावला. त्याने पहिल्याच घंटीला उचलला. मागे भावजयीचा आवाज, "ताईच का?"

शिव्या घालायच्या होत्या. तोंडातून निघालं, "संपला."

"काय?"

"गेम. खेळून संपला."

 तो म्हणाला, "कोण कुठपर्यंत खेळलं ते आम्हाला दिसतं, ताई. सात वर्षं तुझंही दिसत होतं." आणि हळूच विचारलं, "पहिल्यांदाच ना?"

मी हो म्हटलं.